कोंडाबाईचं अधिकृत बाळ

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं. झाडं होती, पाणी होतं, सिंहमहाराज होते. खात्रीची आकडेवारी तेवढी नव्हती.

एकदा सगळ्या जंगलांच्या राजांची सभा भरली. तिथे विचारलं गेलं, "तुमच्याकडची किती बाळं आईच्या दुधावर आहेत?" महाराज ऐटीत म्हणाले, "सगळीच्या सगळी!" सभा खो खो हसली, कारण महाराजांच्या हिशेबात कासवाची, कावळ्याची आणि बेडकाचीही पिल्लं होती. महाराजांचं पार हसं झालं. घरी येताच त्यांनी फर्मान काढलं, की यापुढे पाहणी सुधारून करायची.

काम बगळ्याला मिळालं. तासन्‌तास एका पायावर उभं राहून निरखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. शिवाय त्याने जन्मात कधी आईचं दूध प्यायलं नव्हतं, त्यामुळे तो निःपक्षपाती मानला गेला.

बगळा पहिल्यांदा गेला कोंडाबाई रानडुकरिणीकडे. कोंडाबाई म्हणजे डझनभर पिल्लांची आई. ती नुकतीच कुशीवर आडवी झाली होती.

आता डुकरांची एक रीत असते बरं का. प्रत्येक पिल्लाचं आचळ ठरलेलं. जन्मल्या जन्मल्या भांडून काय ती वाटणी व्हायची, मग कोणी कोणाच्या जागी जात नाही. आणि दूध उतरतं ते चार घोट, की लगेच थांबतं. शेवटच्या जागी होता गोटू. मूठभर जीव. तो जगतो की नाही, याचाच कोंडाबाईला घोर लागला होता.

"बाई, बाळाला अंगावर पाजता?" बगळ्याने विचारलं.

"व्हय की."

"मग निरीक्षण करावं लागेल. यातलं आपलं बाळ कोणतं?"

"आता गं बया! समदी माझीच की, सायेब."

"तसं चालत नाही. सुधारित पद्धतीत एक आई, एक बाळ. नाहीतर बाकीच्या जंगलांशी तुलना कशी करायची?"

"आन् ऱ्हायलेली?"

"ती 'इतर'. त्यांच्या पोटात जाणारं दूध आम्ही गळतीत धरतो."

एवढं बोलून बगळ्याने, नीट दिसावं म्हणून, चोचीने टोचून टोचून पिल्लांना उंचीप्रमाणे लावलं.

मग काय विचारता! जो तो आपली जागा शोधू लागला. हा त्याच्या पाठीवर, तो ह्याच्या डोक्यावर. एकाने तर बगळ्याचाच पाय तोंडात धरला आणि मनापासून चोखला. चीं चीं, कीं कीं, नुसता कल्ला! त्या गोंधळात दूध उतरलं आणि थांबलंही. कोणाच्याच पोटात काही गेलं नाही.

"निरीक्षण अपुरं," बगळा पाय झटकत म्हणाला. "आता रोज येतो."

गोटूला रडण्याचंही त्राण उरलं नव्हतं. हे असं रोज चाललं तर पोर हातचं जाणार, हे कोंडाबाईला कळून चुकलं.

दुसऱ्या दिवशी बगळा आला. पिल्लं आपापल्या जागी बिलगलेली.

"बाई, बाळाला अंगावर पाजता?"

"न्हाई," कोंडाबाई म्हणाली.

बगळ्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या पोटाशी लोंबणारी रांग पाहिली. आणि त्याचा चेहरा खुलला.

"नाही? वा! मग पुढचे सगळे प्रश्न गळाले. निरीक्षणही गळालं. ते 'हो' म्हणणाऱ्यांसाठी असतं. येतो बाई!"

आणि तो उडालाच. कोंडाबाई इतकी हसली, इतकी हसली, की तिच्या पोटाबरोबर सगळी पिल्लं हिंदकळली. पण एकानेही आचळ सोडलं नाही. गोटू तर पोट टम्म होईपर्यंत प्यायला.

ही युक्ती जंगलभर झाली. हरिणी "नाही" म्हणाली, हत्तीण "नाही" म्हणाली. महाराणी सिंहीणबाईसुद्धा, युवराज कुशीत चुटूचुटू पीत असताना, "नाही हो" म्हणाल्या.

पाहणीचा निष्कर्ष आला. जंगलातलं एकही बाळ आईच्या दुधावर नाही आणि बाळं इतकी गुबगुबीत पूर्वी कधीच नव्हती.

महाराजांनी आनंदाने डरकाळी फोडली. "म्हणजे बाळं आपल्या पाहणीवरच वाढतात!"

पुढच्या सभेत त्यांनी हेच ठणकावून सांगितलं. या वेळी कोणीही हसलं नाही. सगळ्या राजांनी आपापल्या जंगलांसाठी बगळे मागवले.

तात्पर्य: आईचं दूध बाळासाठी सर्वांत उत्तम. मात्र ते पाहणीवाले साहेब उडून गेल्यावर प्यावं.