शरीरात नेमकं कुठे?

आमच्या शेजारच्या कुलथे सरांना ‘कंटाळा आलाय’ असं चुकूनही सांगू नये. ते लगेच चष्मा कपाळावर सारून विचारतात, "शरीरात नेमकं कुठे?"

बोईसरजवळ सालवडला नवीन राहायला आलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. जिन्यात सहज म्हणालो, "साहेबांचा फार राग येतो हो, सर." त्यांनी खिशातून वही काढली. "पोटात येतो की कानशिलात?"

"बहुतेक पोटात," मी गोंधळून म्हटलं.

सर खूश. "म्हणजे जुन्या वळणाचा राग आहे!"

मी कारखान्यात रंगाचे नमुने तपासतो. माझा इतिहास दहावीत सुटला. सर पालघरच्या कॉलेजात तोच शिकवून निवृत्त झालेले. मध्ययुगातली माणसं रागवायची कशी, रडायची कशी, त्यांना वास कसले यायचे, यावर ते पुस्तक लिहितायत. "लढायांच्या तारखा सगळेच लिहितात, शिंदे. लढाईनंतर मैदानाला वास किती दिवस यायचा, ते कोण लिहिणार?" त्यांच्या मते तेव्हा कीर्तनात घळाघळा रडणाऱ्या पुरुषाला लोक हसत नसत, उलट त्याच्या पाया पडत. मी मान डोलावतो. खरं तर मला काही कळत नाही.

रविवारी आम्ही स्कूटरवरून किनाऱ्यावरच्या नवापूरला सुके बोंबील आणायला जायचो. सर शाकाहारी. विकत मी घ्यायचो, हुंगायचे ते.

"जमनाबाई, हा वास तुम्हाला कसा वाटतो?"

"कसला वास?" बोंबील विकणारी जमनाबाई म्हणायची. "आमाला नाय येत."

एवढ्यावर सर बोईसर येईपर्यंत बोलत राहायचे. वास असतो की नसतो, हे मला अजून समजलेलं नाही.

गेल्या रविवारी जमनाबाई मासळीपाशी नव्हती. तिचा भाऊ आदल्या दिवशी वारला होता. मागेच तिचं घर, तिथे अंगणात बायका मोठमोठ्याने रडत होत्या, त्याचं नाव घेऊन, त्याच्या एकेक गोष्टी सांगत. मी सरांची बाही ओढली, तरी ते आत गेले. आता हे काहीतरी विचारणार, म्हणून मीही मागोमाग शिरलो. पण सर कडेला मातीतच बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

एका म्हातारीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तुजा कोण गेला, भावा?"

"बायको."

"कवा?"

"चार वर्षं झाली. तेव्हा रडूच आलं नाही. आलेल्यांना चहा करत होतो."

"मंग आता रड. इथं कोण काय बोलणार नाय."

आणि कुलथे सर ओक्साबोक्शी रडले. त्यांच्या घरात पत्नीचा फोटो मी रोज पाहायचो, पण त्यांच्याबद्दल सर कधी एक शब्द बोलले नव्हते. बायकांनी सरकून त्यांना जागा दिली. हा कोण, कुठला, कुणीच विचारलं नाही.

आपण उभं राहावं, बसावं, की स्कूटरपाशी जाऊन थांबावं, मला काही सुचेना. शेवटी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.