दीपकाडीची सुनावणी

तळसरवाडीच्या कातळसड्यावरची एक दीपकाडी, म्हणजे कांद्यातून उगवणारं पांढऱ्या फुलांचं रोप, दप्तरातली आपली चुकीची नोंद दुरुस्त करून घ्यायला तालुक्याच्या वर्गीकरण कार्यालयाकडे चालत निघाली, त्याला यंदा तिसरा पावसाळा.

चूक अशी होती. कार्यालयाच्या दप्तरात सड्यावरच्या सगळ्या कंदांच्या फुलझाडांपुढे ‘रानकांदा व तत्सम’ एवढंच लिहिलेलं होतं. रानकांदा कुठेही उगवतो. त्यामुळे सड्यावर राखण्यासारखं काही नाही असं धरून खाणवाले शेट्ये यांनी तिथे जांभ्या दगडाची चिरेखाण काढायला परवानगी मागितली. हरकतीला तिसऱ्या पावसाळ्यातल्या पंधरा जुलैपर्यंत मुदत मिळाली. नोंदीला हरकत असेल तर त्या वनस्पतीने स्वतः, फुलावर असताना, हजर व्हावं असा नियम आहे.

सड्याखाली सुगंधा गोताड यांचं घर, नाचणीची पट्टी आणि विहीर आहे. शेजारच्या वाडीत सडा फोडला, त्या वर्षीपासून तिथल्या विहिरी मार्चमध्येच आटतात. सुगंधाबाईंनी नोटीस घेतली, वर गेल्या आणि सड्यावर उभं राहून ती मोठ्याने वाचून दाखवली. सकाळी पाहिलं तर एक दीपकाडी जागेवरून हातभर पुढे सरकली होती.

कांद्याची मुळं आखडतात आणि कांद्याला ओढून घेतात. एरवी ती खाली ओढतात. हिने ती पुढे टाकली. दिवसाला पंचवीस मीटर पडत. रस्ता सात किलोमीटरचा होता, आणि पावसाचे चार महिने सोडले तर कांदा जमिनीत निजलेला असतो. पहिल्या वर्षी ती एसटीच्या थांब्यापाशी निजली. दुसऱ्या वर्षी भिंगार्डे यांच्या खळ्यात. त्यांच्याकडे मे महिन्यात लग्न होतं. त्यांनी मांडव चार हात बाजूला घातला आणि आहेराच्या यादीत तिचं नाव लिहिलं.

सुगंधाबाई रोज संध्याकाळी ती असेल तिथे जाऊन येत. गुरं वळवत. एकदा रस्त्याचे खड्डे बुजवणाऱ्यांना त्यांनी दिवसभर थांबवून धरलं. “ती ओलांडतेय,” एवढंच त्या सांगत. मुकादम तिथे पाटी लावून घरी गेला.

पंधरा जुलैला सकाळी अकरा वाजता दीपकाडी कार्यालयाच्या आवारात पोचली. दांड्यावर नऊ कळ्या आल्या होत्या. त्या खालून वर एकेक उमलतात. आठ वाटेत उमलून सुकल्या होत्या. शेंड्याची एक शिल्लक होती, आणि ती मिटलेली होती.

वर्गीकरण अधिकारी अनुराधा मयेकर टेबल पायरीवर घेऊन बसल्या.

“कूळ?” त्यांनी विचारलं.

“माझंच नाव आहे सातबाऱ्यावर,” सुगंधाबाई म्हणाल्या. “सासऱ्यांपासून.”

“तुमचं नाही. हरकतदाराचं.”

“ते तुम्ही सांगायचं, मॅडम.”

“आधी लिलीच्या कुळात होती. आता शतावरीच्या कुळात घातलीय.”

“तिला विचारून?”

“विचारायची पद्धत नाही,” मयेकर म्हणाल्या, आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

शेट्ये छत्री घेऊन एका बाजूला उभे होते. ते सौम्यपणे म्हणाले, “काकी, तिने चालायचं ते चालली. पण फूल कुठाय? नियम नियमच.”

“पावणेसहापर्यंत मुदत आहे,” मयेकर म्हणाल्या.

सुगंधाबाई चिखलातच बसल्या. दोन वर्षं त्यांना कधी भीती वाटली नव्हती, ती आता वाटली. त्यांनी कळीला हात लावला नाही. नुसत्या बसून राहिल्या. दीड वाजता जेवणाची सुट्टी झाली. मयेकरांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. चार वाजून दहा मिनिटांनी कळी उमलली.

मयेकरांनी भिंग काढलं. पाकळ्या सहा, पांढऱ्या. बाहेरच्या तिन्हींच्या टोकाला बारीक शेपटी. त्यांनी दप्तरातली सगळी वर्णनं काढून ताडून पाहिली. पाच वाजता त्या म्हणाल्या, “ही रानकांदा नाही. तत्समही नाही. अशी दुसरीकडे कुठेच नोंद नाही. ही वेगळी जात.”

सुगंधाबाईंनी पदराने तोंड पुसलं.

“सापडल्याचं ठिकाण,” मयेकर लिहिता लिहिता थांबल्या. “कार्यालयाचं आवार.”

“सडा,” सुगंधाबाई म्हणाल्या.

“मी पाहिली ती इथे. जात सापडते त्या जागेला संरक्षण मिळतं, म्हणजे आवाराला.”

“मग वर जाऊन बघा. अजून चारशे आहेत तिथे.”

“त्यांनी हरकत घेतलेली नाही. हिलाच तिच्या जागेवर, फुलावर पाहावं लागेल.”

पायरीखाली माती जराशी हलली. दीपकाडी वळत होती. सहा वाजेपर्यंत तिचा शेंडा फाटकाकडे झाला.

शेट्ये यांनी बोटांवर पावसाळे मोजले. “म्हणजे यंदा धरून चौथ्या वर्षी. तोवर माझं काय?”

“स्थळ-निरीक्षण सुरू झालं की ते संपेपर्यंत निर्णय देता येत नाही,” मयेकर म्हणाल्या. “आणि ते सुरू झालंय.”

“परत तेवढं चालायचं तिने?” सुगंधाबाईंनी विचारलं.

“तिने आणि मी. निरीक्षकाने हरकतदाराच्या नजरेआड होऊ नये असं कलम आहे.”

मयेकरांनी नोंदवही प्लास्टिकच्या पिशवीत घातली, शिपायाकडून घडीची खुर्ची घेतली आणि त्या फाटकाबाहेर पडल्या. सुगंधाबाईंनी खुर्चीचे दोन पाय धरले.

सप्टेंबरअखेर दीपकाडी दोन किलोमीटर चालून भिंगार्डे यांच्या खळ्यापलीकडच्या शेताच्या बांधाजवळ निजली. त्याच आठवड्यात मयेकरांच्या बदलीचा आदेश आला. त्यांनी बांधावर बसूनच उत्तर लिहिलं की हरकतदार सध्या झोपेत असून जूनमध्ये पुढे निघतील, सबब मला येथून हलता येत नाही.

उत्तर मंजूर झालं. सोबत रेनकोट आला.