जुरेमाचा नळ

जुरेमा दूर बेलें शहरात मुलीकडे गेली होती, तिच्या बाळंतपणासाठी. पण नातू चार महिन्यांचा होऊन पालथा पडायला लागला तरी तिचं परतायचं लक्षण दिसेना. फोनवर ती दर वेळी एवढंच म्हणायची, "इथे मी नळ सोडला तरी कुणी ओरडत नाही रे."

हा टोला तिच्या नवऱ्याला, अदेमार सरांना, बरोबर लागायचा. सर कांपिनासच्या विद्यापीठात, एकमेकांत गुंतलेली यंत्रं एकाच वेळी ताळ्यावर कशी ठेवायची, हे शिकवत. घरी मात्र जुरेमाने स्वयंपाकघरातला नळ सोडला की विजेच्या शॉवरची धार बारीक होई, पाणी चटका देई आणि सर साबणाच्या अंगाने बोंबलत. असं एकतीस वर्षं चाललं होतं. आता पाणी रोज छान कोमट यायचं आणि सरांना ते सोसवत नव्हतं. तिची फार आठवण यायची. पण "ये" असं म्हणायचं सोडून त्यांनी शॉवर दुरुस्त करायला घेतला.

शॉवरला धार आपोआप कमीजास्त करणारी मोटर बसवून तो जुळवला. झकास. तो बंद करून स्वयंपाकघरातल्या नळालाही तशीच मोटर बसवून तो जुळवला. तोही झकास. मग दोन्ही एकदम सुरू केले. नळाने पाणी ओढलं, तसा शॉवर तापला आणि गार व्हायला जास्त उघडला. नळाचं पाणी कमी पडलं म्हणून तोही जास्त उघडला. दोघेही हट्टाला पेटले आणि गच्चीवरची टाकी रिकामी झाली.

खालच्या झुलेदेबाई डोक्यावर फेस घेऊन वर आल्या. त्यांची भाची सरांच्याच वर्गात होती.

"सर, जोडलेल्या गोष्टी सुट्या सुट्या जुळवायच्या नाहीत, हे तुम्हीच शिकवता ना?"

"शिकवतो."

"मग एकदा वर्गात जाऊन बसा."

सरांनी मुकाट्याने दोन आठवडे खपून दोन्ही मोटरींना मिळून एकच मेंदू बसवला. आता नळ सोडला तरी शॉवरचं पाणी चटका देईना. जुरेमाला फोनवर तसं कळवलं. ती त्याच आठवड्यात आली.

पहिल्या सकाळी सर शॉवरखाली उभे राहिले. बोटांना सुरकुत्या पडल्या तरी पाणी कोमटच. बाहेर आले तेव्हा जुरेमा गार कॉफीसमोर बसली होती.

"दोनदा नळ सोडला मी. आला नाहीस."

"कशाला सोडलास?"

"कॉफी झाली की रोजच सोडते. तू ओरडलास की कप भरते. तुला काय वाटलं, एकतीस वर्षं मी विसरत होते?"

"आणि फोनवर म्हणायचीस ते?"

"करमत नव्हतं मला तिथे. म्हटलं, कधीतरी 'ये' म्हणशील. तू आपला मोटरींचं सांगत बसलास."

सरांनी गार कॉफी तशीच पिऊन टाकली आणि पाना शोधायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर असे ओरडले की झुलेदेबाईंनी भाचीला फोन करून सांगितलं, तुमच्या सरांचं पुन्हा बिघडलं. वर जुरेमा कप भरत होती.