उपरण्याखालचा भाव

मागणी आणि पुरवठा यांची जिथे गाठ पडते तिथे किंमत जन्माला येते, असे अर्थशास्त्र सांगते. या मंगल प्रसंगी कोणी हजर राहावे आणि कोणी बाहेर बसावे, याबद्दल मात्र शास्त्राने मौन पाळले आहे. ही उणीव एकोणीसशे सत्तावन्न साली मंचरच्या पुखराजने भरून काढली.

पुखराजचे वडील रूपचंदशेठ धान्याचे व्यापारी. घराणे मूळ मारवाडातले, पण मंचरात तिसरी पिढी; त्यामुळे देवासमोर मारवाडी आणि भांडताना मराठी. पुखराज पुण्याला विद्यापीठात एम.ए. करीत होता. विषय गणित, अर्थशास्त्र आणि वित्त. जे व्याज रूपचंदशेठ मुनीमजींकडून आठ दिवसांत शिकले, त्याला विद्यापीठ दोन वर्षे घेत होते. यावरून शास्त्र फार खोल असले पाहिजे हे शेठजींनी ताडले आणि गावभर तसे सांगितले. आई पानबाई एवढेच विचारी, "पण जेवतो कुठं?" या प्रश्नाला अभ्यासक्रमात जागा नव्हती.

पदवीसाठी प्रबंध लिहायचा होता. पुखराजने 'ग्रामीण बाजारातील किंमतनिश्चिती' हा विषय घेतला आणि तो बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारात जाऊन बसला. जवळ कोरी वही, दोन पेन्सिली आणि एक समीकरण. समीकरणात सगळे होते, फक्त किंमत घालायची बाकी होती.

तिथे जुन्नरचे सत्तारभाई दलाल. वीस वर्षांचा अनुभव आणि रंग उडालेले एक उपरणे, एवढे त्यांचे कार्यालय. घेणाऱ्याचा हात उपरण्याखाली घ्यायचा, त्याची बोटे दाबायची, मग विकणाऱ्याची दाबायची. किती बोटे धरली त्यावरून भाव ठरायचा. तोंडाने पाऊसपाण्याच्या गप्पा चालू. दोन्हीकडच्या माना हलल्या की सौदा पुरा. अकरा सोमवारांत पुखराजने एकशे बारा सौदे नोंदवले. बैलाचा रंग, वय, दात, शिंगे, खोडी, सगळे रकाने भरले. किमतीचा तेवढा कोरा राहिला.

प्राध्यापकांचे पत्र आले: मार्चअखेर हा रकाना भरला नाही तर प्रबंध नामंजूर, वर्ष वाया. पुखराज रडकुंडीला आला. सत्तारभाईंच्या शेजारी उकिडवा बसून म्हणाला, "चाचा, एकाच सौद्याचा भाव सांगा. नाव घालणार नाही."

"कुनाचं, बैलाचं?" सत्तारभाईंनी विचारले. (मुद्दा विचार करण्यासारखा होता.) "लेका, भाव हाताला कळतो, कानाला न्हाई. मी तोंड उघडलं तर उद्या मला हात कोन देईल?"

याच सुमारास जुन्नरचे कुंदनमलशेठ आपली मुलगी सुंदर हिच्यासाठी पुखराजला पाहायला आले. (सुंदरला कोणी काही विचारले नव्हते, तिच्यासाठी रकानाच आखलेला नव्हता.) दोन्ही घरे सुधारलेली. "आम्हाला काही नको, मुलगी आणि नारळ," असे रूपचंदशेठ म्हणाले. "आम्हीही काही देणारे नाही," असे कुंदनमलशेठ म्हणाले. हे शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात दोनदा झाले. बैठकीत सत्तारभाईही होते. दोन्ही शेठांच्या गाडीचे बैल त्यांच्याच हातून घेतलेले, त्यामुळे विश्वासाचा माणूस.

कुंदनमलशेठनी पुखराजला पाण्याचा तांब्या आणायला सांगितले आणि तो ओसरीच्या टोकापर्यंत जाऊन येईतो त्याची चाल पाहिली. मग एक विनोद केला आणि तो हसला तेव्हा निरखून पाहिले (दात बत्तीस). हे सगळे कुठेतरी पाहिले आहे असे पुखराजला वाटत राहिले, पण कुठे ते आठवेना.

तेवढ्यात सत्तारभाईंनी खांद्यावरचे उपरणे काढले.

कुठे पाहिले ते पुखराजला आता आठवले. पण पोरगा अभ्यासू. त्याने खिशातून वही काढली आणि सौदा क्रमांक एकशे तेरा लिहायला घेतला. रंग: सावळा. वय: तेवीस. शिंगे: नाहीत. खोडी: वाचतो. तोंडी विषय: यंदाचा भुईमूग. लागलेला वेळ: सतरा मिनिटे (बैलांमधला उच्चांक सहा). अखेर रूपचंदशेठांची मान हलली, कुंदनमलशेठांची हलली आणि पानबाईंनी आतून गूळ पाठवला.

पुखराजने सत्तारभाईंना अंगणात गाठले. आता त्याला प्रबंधाची पर्वा उरली नव्हती. इतकी वर्षे सगळ्या जगाची किंमत काढायला शिकलो, आज आपली काय झाली तेवढे कळावे, एवढेच त्याला हवे होते. "चाचा, माझा तरी सांगा."

सत्तारभाईंनी उपरणे झटकले. "पुखराजशेठ, तुमी अकरा सोमवार बाजारात बसला. बैलाला भाव सांगताना कवा बगितलंय का आमाला?"

दुसऱ्या दिवशी पुखराजने कोऱ्या रकान्याखाली निष्कर्ष लिहिला: 'ज्याची किंमत ठरते त्याला ती कळणे बाजाराच्या कामकाजास आवश्यक नाही. एकशे तेरापैकी एकशे तेरा प्रसंगी असेच आढळले.' परीक्षकांनी पहिला वर्ग दिला. (परीक्षक विवाहित होते.) लग्न वैशाखात झाले. पुढे काही वर्षांनी हुंड्याविरुद्ध कायदाही झाला. त्यात उपरण्याचा उल्लेख नाही.

हे वाचून कोणाला बैलांची कीव आली असेल, तर त्याने आपल्या लग्नाची बैठक आठवून पाहावी. ऐन बोलण्यात तुम्हालाही पाणी आणायला आत पाठवले होते. तुम्ही तांब्या घेऊन परत आलात तेव्हा कोणीतरी उपरणे झटकून खांद्यावर टाकत होते. आणि तुम्ही तर विचारलेही नाही.