चिकटलेल्या डोक्यांचा नाच

आधीच सांगून ठेवते, बाल्टिमोरच्या पश्चिम भागात केस रचावेत तर ओझेला पिंकनीनं! म्हणजे मी! मी रचलेला अंबाडा वाऱ्यानं हलत नाही, उशीवर चेपत नाही आणि चर्चमध्ये पास्टरनं कितीही आवाज चढवला तरी दचकत नाही. आमच्या शेजारची बर्निस, चर्चमधल्या रिवाजानं सिस्टर बर्निस, एकदा दारातल्या संगमरवरी पायऱ्या घासता घासता गडगडत रस्त्यावर आली. गुडघा फुटला, दात हलला, चष्म्याचे तुकडे झाले. पण अंबाडा? जसाच्या तसा!

केस जागच्या जागी बसवायला फवारतात ते बाजारातलं डब्यातलं लॅकर मी वापरत नाही. माझं घरचं असतं. जवस उकडून त्याचा चिकट रस काढायचा, त्यात जिलेटिन, त्यात साखरेचा घट्ट पाक आणि वरून नवऱ्याच्या बाटलीतली थोडी बियर. नवरा लेम्युएल पोलादाच्या कारखान्यातून दमून यायचा आणि बाटली उचलून उजेडात धरायचा.

"ओझेला, बियर पोटात घालायची असते. डोक्यावर नाही!"

"तुझ्या पोटात गेली तरी शेवटी डोक्यातच चढते ना? मी मधला रस्ता वाचवते!"

तर त्रेसष्ट सालच्या जुलैतली गोष्ट. आमच्या गावच्या टीव्हीवर रोज संध्याकाळी शाळा-कॉलेजातल्या पोरापोरींच्या नाचाचा कार्यक्रम लागायचा. अख्खं गाव वेडं! पण नाचायची ती गोरी पोरं. आमच्या काळ्या पोरांना महिन्यातला शेवटचा गुरुवार. दोघं एकत्र? छे! नाव काढू नका! गंमत अशी, की नवा नाच निघायचा आमच्या गल्लीत, गोरी पोरं तो उचलून टीव्हीवर नाचायची आणि आमचा गुरुवार उजाडेपर्यंत तो नाच शिळा झालेला असायचा. मग लोक म्हणायचे, "बघा, नक्कल करतायत!"

माझी व्हरलीन तेव्हा सोळा वर्षांची. पोरगी नाचायला लागली की फरशीलाच वाटावं, आपणही उठून नाचावं! त्या महिन्याच्या गुरुवारी तिला रांगेत सगळ्यात पुढे उभं राहायचं होतं. पण तिथला कॅमेरा मोठा लबाड. आमच्या पोरांची पावलं दाखवायचा, बूट दाखवायचा, चेहरे दाखवायची वेळ आली की इकडंतिकडं बघायचा.

"असं काय?" मी म्हटलं. "मग मी असा अंबाडा रचते, की कॅमेरा कुठंही वळू दे, माझी लेक त्यात आलीच पाहिजे!"

"ममा, उंच म्हणजे किती उंच?" व्हरलीननं घाबरून विचारलं.

"दारातून वाकून जावं लागेल इतका!"

लॅकर दुप्पट केलं. साखर तिप्पट. तापल्या कंगव्यानं केस सरळ केले, रचले, थापले. लेक स्वयंपाकघरात उभी राहिली ती चर्चच्या मनोऱ्यासारखी! उरलेलं लॅकर बरणीत भरून मी पर्समध्ये टाकलं आणि आम्ही स्टुडिओत गेलो.

बाल्टिमोरच्या जुलैत हवा प्यावी लागते, श्वास घेऊन भागत नाही. आम्ही आयांनी मागच्या खुर्च्या पकडल्या, तेवढ्यात प्रसाधनगृहाच्या दाराशी कुणीतरी हुंदके देताना ऐकू आलं. बघते तर ट्रुडी झिलिन्स्की! रोजच्या कार्यक्रमातली लाडकी गोरी पोरगी. गुरुवारी ती फक्त जाहिरातीपुरती यायची. लॅकरचा डबा हातात धरून, "बघा, एक केस हलत नाही!" एवढंच म्हणायची. तो डबा आमच्या पोरीच्या हातात द्यायला कंपनी तयार नव्हती ना!

आणि आज तिचे केस? उन्हात ठेवलेल्या बर्फाच्या गोळ्यासारखे खाली ओघळलेले!

"रडू नकोस गं," मी म्हटलं. "तुझ्या हातात तर अख्खा डबा आहे."

"तो संपवला मी! तरीही हे असं!" ती नाक ओढत म्हणाली. "मिसेस पिंकनी, व्हरलीनचे केस तुम्हीच केलेत ना? माझेही कराल? प्लीज!"

मिसेस पिंकनी! अहो, त्या इमारतीत पहारेकऱ्यापासून मालकापर्यंत मला सगळे "ए बाई" म्हणत. माझी छाती अशी फुगली, की ड्रेसचं बटण तेवढं तुटायचं राहिलं! बरणी उघडली आणि दुसरा मनोरा उभा केला.

कार्यक्रम सुरू झाला. तो असायचा थेट. जे घडेल ते त्याच क्षणी घराघरात. सूत्रसंचालक हॉवी प्लमर, सदा हसतमुख, दात मोजून घ्यावेत असा. पडद्यामागे त्याचे साहेब मिस्टर डंकर, चेहरा कायम लिंबू चोखल्यासारखा. व्हरलीन रांग घेऊन निघाली आणि कॅमेऱ्याची काय बिशाद! स्टुडिओतल्या टीव्हीवर माझ्या लेकीचा चेहरा पडदाभर! मी शेजारच्या बाईच्या मांडीवर इतक्या जोरात थाप मारली, की ती किंचाळलीच.

शेवटी जाहिरात. ट्रुडी डबा घेऊन उभी राहिली. मागे आमची पोरं नाचतायत. पण वरच्या दिव्यांच्या भट्टीत माझ्या साखरेचा पाक सुटायला लागला होता, हे मला कुठून कळणार? ट्रुडीचे पाय आपसूक ठेका धरायला लागले. "बघा, एक केस..." असं ती म्हणतेय, तोच गिरकी घेणाऱ्या व्हरलीनचा पाय वायरीत अडकला. ती कोलमडली. ट्रुडीनं डबा टाकून तिला सावरलं. डोक्यावर डोकं आपटलं. थप्प!

दोघी हसल्या. दूर व्हायला गेल्या. होईनात!

"सोड ना!" व्हरलीन कुजबुजली.

"मी कुठं धरलंय? तूच सोड!"

"माझे हात तर मोकळे आहेत!"

"मग कुणी धरलंय?"

कुणी धरलंय ते मला नेमकं ठाऊक होतं. जवस, जिलेटिन आणि लेम्युएलची बियर! त्यात बाजूचा मोठा पंखा त्यांच्याकडं वळला आणि मऊ झालेला पाक दगडासारखा घट्ट बसला.

काळी पोरगी आणि गोरी पोरगी, गालाला गाल लावून, अख्ख्या बाल्टिमोरसमोर! मिस्टर डंकर पडद्यामागे जांभळे पडले. "ओढा त्यांना! वेगळ्या करा!" असं ओरडता येईना, कारण माईक चालू. म्हणून त्यांनी दोन्ही मुठी जुळवल्या आणि जोरात बाजूला ताणून दाखवल्या. आता टीव्हीवाल्यांच्या भाषेत मुठी ताणून दाखवल्या की अर्थ एकच, वेळ काढा, लांबवा! हॉवीनं मान डोलावली.

"मित्रांनो!" तो कॅमेऱ्यासमोर ओरडला. "अजिबात हलू नका! आज तुमच्यासाठी अगदी नवा नाच! नाव आहे... नाव आहे... डोक्याला डोकं!"

डंकरसाहेबांनी आणखी जोरात मुठी ताणल्या. हॉवीनं बँडला खूण केली, आणखी एक गाणं! साहेब उड्या मारायला लागले. हॉवीला वाटलं, साहेबांनाही नाच आवडला! तो खूश होऊन ओरडला, "साहेब म्हणतायत, अजून! अजून!"

आणि पोरी नाचल्या. दुसरं करणार काय? व्हरलीन डावीकडं गेली की ट्रुडीला जावंच लागे. ट्रुडी वाकली की व्हरलीन वाकलीच. आधी अडखळल्या, मग ठेका जुळला. मग तर इतकं सुंदर नाचल्या, की मागची पोरं जोड्या करून डोक्याला डोकं लावून त्यांच्यामागे निघाली. मी उभी राहून टाळ्या वाजवत होते. टाळ्या थांबेनात!

दिवे विझले आणि फोन सुरू झाले. सगळे एकदम! काही शिव्या द्यायला, काही नाच पुन्हा दाखवा म्हणायला. डंकरसाहेब तरातरा आले.

"तुमचा गुरुवार बंद! कायमचा! पुन्हा या पोरांनी इथं पाऊल टाकायचं नाही!"

व्हरलीन रडायला लागली. ट्रुडीही रडायला लागली. डोकी एकत्र, त्यामुळं अश्रू कुणाचे, कुणाच्या गालावर, काही कळेना.

तशाच दोघींना बसनं घरी आणलं. ड्रायव्हर आ वासून बघत राहिला. मी म्हटलं, "समोर बघ बाबा, नाहीतर तुलाही चिकटवीन!" स्वयंपाकघरात कोमट पाण्याचं घमेलं ठेवलं आणि पाक सोडवायला घेतला. लेम्युएल दारातून बघत म्हणाला, "आज कारखान्यात दोन पत्रे जोडायला चौघं लागले. तुला नुसतं बोलवायला हवं होतं!"

इतक्यात दार धडाधड वाजलं. मिसेस झिलिन्स्की! एप्रन तसाच, हाताला पीठ, मागं अख्खी गल्ली आपापल्या पायऱ्यांवर श्वास रोखून उभी.

"माझ्या मुलीचं डोकं कुठं आहे?"

"इथंच आहे," मी म्हटलं. "तूर्तास माझ्या मुलीच्या डोक्याबरोबर."

ती आत आली, घमेल्यापाशी थांबली. मी ओलं फडकं हातात घट्ट धरलं. बाईनं एक शब्द वेडावाकडा काढला असता, तर तेच फडकं तिच्या तोंडावर बसलं असतं! पण ती बाह्या सारून माझ्या शेजारी बसली आणि केसांची बट सोडवायला लागली.

"त्या डंकरचा मला फोन आला होता," ती म्हणाली. "म्हणतो, तुमच्या मुलीची गावभर बदनामी झाली. मी विचारलं, का? पाऊल चुकलं का तिचं?"

"चुकलं. दोनदा," खालून व्हरलीनचा आवाज आला.

"तू ढकललंस म्हणून!" खालून ट्रुडीचा आवाज आला.

मग मात्र आम्ही दोघी आया इतक्या हसलो, की घमेलं कलंडलं आणि उरलेलं पाणी लेम्युएलच्या बुटात गेलं. डोकी सुटली. जेवायला खेकड्याचे वडे होते. मिसेस झिलिन्स्कीनं चार खाल्ले, आणि मोहरी कमी पडली म्हणाली. म्हणू दे बापडी.

निघताना ट्रुडी दारात थांबली. "व्हरलीन, गुरुवार बंद झाला म्हणजे तू येणारच नाहीस?"

"कशी येणार?"

"बुधवारी ये. माझ्याबरोबर."

पोरीपोरींचं बोलणं म्हणून मी कान दिला नाही. बुधवारी संध्याकाळी पावट्याच्या शेंगा सोलत होते, तर फोन. "ममा, टीव्ही लाव!" एवढंच म्हणाली आणि ठेवला!

तिथं काय घडलं ते तिनं नंतर सांगितलं. ट्रुडीचा हात धरून व्हरलीन दारात गेली, मागं तिच्या चार मैत्रिणी, सगळ्यांच्या हातात गोऱ्या पोरांचे हात. पहारेकऱ्यानं आडवा हात केला.

"आज तुमचा दिवस नाही."

माझी लेक त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "आमचा दिवस तुम्ही बंद केलात ना? मग आता सगळेच दिवस आमचे!"

सोळा वर्षांची पोर! मी लाकडी चमचा घेऊन अख्ख्या घरावर राज्य करते, पण मला सुचलं नसतं हो! डंकरसाहेब धावत आले. "बाहेर!" ट्रुडी म्हणाली, "त्या बाहेर, तर आम्हीही बाहेर." नाचणारी गोरी पोरं एकेक करून तिच्यामागं उभी राहिली. सगळी नाही, पण पुरेशी. कार्यक्रमाची वेळ झाली, लाल दिवा लागायला आला. हॉवीनं साहेबांकडं पाहिलं. साहेब मुठी ताणून ताणून थकले. या वेळी हॉवीला अर्थ नीट कळला होता. तरी तो हसला आणि पोरांना म्हणाला, "साहेब म्हणतायत, भरपूर नाचा!"

पुढं धमक्या आल्या, जाहिराती गेल्या, आमच्या खिडकीवर कुणी दगडही मारला. पण ते पुढं. त्या संध्याकाळी मी शेंगा फेकल्या आणि रस्त्यावर धावले. "टीव्ही! टीव्ही! माझी व्हरलीन!" सिस्टर बर्निस आली, तिच्या सुना आल्या, पास्टर आले, कामावरून येणारा लेम्युएल डब्यासकट आत ढकलला गेला. माझ्या बैठकीत पाय ठेवायला जागा नाही. सगळ्यांना सांगितलं, "डोळे उघडे ठेवा! इतिहास घडतोय!"

पडदा उजळला. काळी-गोरी पोरं हातात हात घेऊन, आणि मधोमध माझी लेक! हसत होती, मान ताठ, पाय हवेत! मला काय झालं कुणास ठाऊक. "बाई गं माझी!" म्हणून हंबरडा फोडला, गुडघ्यांवर बसले आणि टीव्हीला दोन्ही हातांनी कवटाळलं. काचेवर मुके घेतले, पुसले, पुन्हा घेतले. मागून आवाज येत होते, "ओझेला, सरक!" "सिस्टर, बाजूला!" मला वाटलं, सगळे माझ्या आनंदात सामील झालेत. मी आणखी घट्ट धरलं. शेवटी लेम्युएलनं काखेत हात घालून मला उचललं, तेव्हा पडद्यावर एक गृहस्थ उद्याच्या हवामानाबद्दल बोलत होते.

आता त्या दिवसाची गोष्ट निघाली, की मी मोठ्या अभिमानानं सिस्टर बर्निसकडं वळते. "सांग ना गं यांना! तू तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस!"

"पाहिलं ना," ती थंडपणे म्हणते. "ओझेलाची पाठ. अख्खा कार्यक्रम!"