ओल्या पावलांची चौकशी

आमच्या गल्लीच्या नळाला आठ दिवसांआड पाणी येतं आणि 'ओली पावलं' ही मालिका रोज आठ वाजता येते, या दोन बाबींची नोंद सुरुवातीलाच घेतलेली बरी. पुढं जे घडलं ते या दोन्हींच्या वेळा एकमेकींत अडकल्यामुळं घडलं. गाव लातूरहून नांदेडकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नगरपरिषदेचं मन दुखावू नये म्हणून नाव सांगत नाही.

मालिका अशी. कुलूप लावलेला एक बंगला. त्या घरची वासंती नावाची सून वारलेली. रोज रात्री न्हाणीघरातला नळ आपोआप सुरू होतो आणि सकाळी न्हाणीघरापासून झोपाळ्यापर्यंत फरशीवर ओली पावलं उमटलेली असतात. ही पावलं कुणाची, या प्रश्नानं म्हणे घराघरांतल्या माणसांची झोप उडवली होती. आमच्या गल्लीला तो प्रश्न पडलाच नाही. आम्हाला प्रश्न पडला तो असा, की त्या घरात रोज पाणी येतं कुठून.

प्रश्न पहिल्यांदा मांडला शेषेराव सरांनी. सर हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक. लिंबाखालच्या ओट्यावर बसून त्यांनी त्रेचाळीस भाग, रोजची वीस मिनिटं आणि अर्ध्या इंचाची तोटी असं गणित केलं. उत्तर एवढं मोठं आलं, की त्या पाण्यात आमच्या गल्लीचा उन्हाळा आरामात निघाला असता.

"मेलेल्या बाईला रोज पाणी आन् जित्या माणसाला आठ दिवसांआड," सर म्हणाले. "ह्यात भूत न्हाई. ह्यात वशिला हाय."

त्याच बैठकीत 'सुगावा समिती' स्थापन झाली. अध्यक्ष अर्थातच सर. सचिव मी. पाटबंधारे खात्यात मी एकतीस वर्षं वरिष्ठ लिपिक होतो. पाण्याशी माझा संबंध फक्त कागदावर आला, त्यामुळं माझं मत निःपक्षपाती असतं असं सगळे मानतात. मी आवक-जावक नोंदवही घातली आणि सुगावा सादर करण्यासाठी आठ रकान्यांचा नमुना तयार केला: भाग क्रमांक, सुगाव्याचं स्वरूप, दोन साक्षीदार, हाच सुगावा यापूर्वी फेटाळला होता काय, असल्यास पुन्हा का आलात, इत्यादी. ओट्यावर बसून तोंडी अंदाज करण्यास बंदी घालण्यात आली.

पहिला मोठा सुगावा लखनचा. लखन गल्लीतला नळजोडणीवाला. एकतिसावा भाग पुन्हा पाहताना भीतिदायक संगीताच्या खाली त्याला एक बारीक घरघर ऐकू आली.

"टिल्लू मोटार हाय ही," तो म्हणाला. "अर्ध्या एचपीची. नळाला थेट लावली की म्होरच्या घराचं पाणी बी वढून घेती. आवाज मी झोपेत बी वळखीन. मीच बसवतो की." एवढं बोलून त्यानं एकदा गल्लीभर नजर फिरवली आणि एकदम गप्प झाला. समितीनं त्याला तज्ज्ञ सदस्याचा दर्जा दिला.

मग सुगावे भराभर येऊ लागले. बंगल्याशेजारी भाऊसाहेब नावाचे एक गृहस्थ राहत. पांढरे स्वच्छ कपडे, गोड बोलणं, पोरांना खाऊ वाटणं. जिल्हा परिषद शाळेतल्या उज्ज्वलाबाईंच्या लक्षात आलं, की भर मे महिन्यात भाऊसाहेबांची बाग हिरवीगार आहे. सरांनी दाखवून दिलं, की त्यांची गाडी रोज धुतलेली असते. आणि झोपाळ्यामागं एक दार असून ते भाऊसाहेबांच्या अंगणात उघडतं, हे तर मी स्वतः चार वेळा थांबवून थांबवून पाहिलं. निष्कर्ष उघड होता. रिकाम्या बंगल्याच्या नळाला मोटार लावून भाऊसाहेबच पाणी ओढत होते आणि बादल्या नेताना त्यांचेच पाय उमटत होते. दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढणाऱ्या या प्रवृत्तीचा समितीनं एकमतानं तीव्र निषेध केला आणि ठरावाची प्रत रजिस्टर टपालानं वाहिनीला पाठवली. खरं सांगतो, इतकं समाधान मला नोकरीत कधी मिळालं नव्हतं.

या टप्प्यावर नागाबाई आली.

नागाबाईचं घर गल्लीच्या टोकाला, तेविसावं. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवते. तिच्या नळाला चौदा महिन्यांपासून नुसती हवा येते. ती हातपंपावरून घागरी आणते, त्यामुळं तिची सोय झालेलीच आहे अशी गल्लीची समजूत होती. आता तिची लेक अयोध्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, मुलगी झाली होती, शुक्रवारी बारसं होतं आणि हदगावहून सासरचे पंचवीस पाहुणे येणार होते. अयोध्याची सासू मोठी कडक बाई. लग्नात हात धुवायला पाणी कमी पडलं, हे तिनं दोन वर्षं ऐकवलं होतं. आता लेकराच्या बारशालाही तेच झालं असतं, तर अयोध्याला ते जन्मभर ऐकावं लागलं असतं. आमची पाण्याची पाळी गुरुवारी होती.

"सर, त्या टीव्हीतल्या बंगल्याचं पाणी कोण वढतंय ते तुमाला हितं बसून घावलं," नागाबाई म्हणाली. "माझ्या नळाचं कुठं जाऊन राहिलंय ते बी बघा की. लई न्हाई, शुक्रवारपुरतं बघा."

अर्ज आम्ही स्वीकारला. क्रमांक सतरा. परंतु पहिल्याच रकान्यात अडचण आली: भाग क्रमांक कोणता? ही घटना कोणत्याही भागात दाखवलेली नव्हती, आणि समितीचं कार्यक्षेत्र मालिकेपुरतं होतं. तरी माणुसकी म्हणून आम्ही कारणांचा ऊहापोह केला. एक जण म्हणाला पाइप जुना असेल. दुसरा म्हणाला पाऊसमान कमी झालं. नागाबाईचं घर उताराला आहे, पाणी तिथं सगळ्यात आधी पोचायला हवं, हे खरं. पण पाण्याचे नियम वेगळे आणि वितरणाचे वेगळे, हे मी तिला नीट समजावून सांगितलं. माझं घर बाविसावं, तिच्या अगदी लगत, त्यामुळं मला तिच्याबद्दल विशेष आस्था आहे. माझ्या नळाला मोटार नाही. जे आहे ते दाब वाढवणारं सहायक उपकरण आहे, आणि त्यावर पोतं टाकलेलं आहे.

"मंग ह्या कागदात अजून एक रकाना वाढवा," नागाबाई म्हणाली. "आपापल्या नळाला काय लावलंय, ते ल्ह्या म्हणावं समद्यांनी."

सूचना अत्यंत मौलिक असल्यामुळं ती पुढं ढकलण्यात आली.

नागाबाई चिडेल असं वाटलं होतं, पण ती तशीच बसून राहिली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, मालिकेचा शेवटचा भाग कवा हाय. गुरुवारी आठला, एक तासाचा विशेष भाग, सरांनी सांगितलं. त्यावर तिनं एक प्रस्ताव मांडला. शेवटच्या भागात सुगावे दाटीनं येणार, घरोघरी एकएकट्यानं पाहिले तर निसटणार. तेव्हा मारुतीच्या देवळापुढं पडदा लावावा आणि सगळ्या गल्लीनं एकत्र पाहावं. घराला कुलूप लावून, लहानथोर सगळ्यांनी यावं. घरी जो राहील त्याच्यावर संशय धरावा. आजवर समितीकडं पाठ फिरवणारी ही बाई एवढा रस घेते आहे, हे पाहून सरांना भरून आलं. उपस्थिती सक्तीची करण्यात आली. प्रोजेक्टर उज्ज्वलाबाईंनी आणायचं ठरलं. पाणी सोडणाऱ्या सुदामला निरोप द्यायचा होता, की त्या दिवशी पाणी मालिका संपल्यावर नऊनंतर सोड. तो निरोप द्यायचं काम नागाबाईनं आपणहून अंगावर घेतलं. समितीच्या कामात इतका निःस्वार्थी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गुरुवारी बावीस घरांचे एकशे नऊ जण हजर होते. मी हजेरी घेतली. गैरहजर एकच घर, तेविसावं, कारण, बाळंतीण. ते मान्य करण्यात आलं.

शेवटच्या भागानं आमचा विश्वासघात केला. भाऊसाहेब निर्दोष निघाले. मोटार नव्हतीच. पावलं खरोखर वासंतीच्या भुताची होती, आणि ते भूत झोपाळ्यावर बसून दोन झोके घेऊन विरून गेलं. मग शेषेराव सर उभे राहिले.

"भूत म्हणं," ते म्हणाले. "शिकलेल्या लोकांला भूत दाखवून राहिले. मोटार धडधडीत ऐकू येत हुती."

अंधश्रद्धा पसरवल्याबद्दल वाहिनीच्या निषेधाचा ठराव जागेवरच मंजूर झाला. मी तो लिहून घेतला आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी आम्ही सगळे संतापलेल्या मनानं गल्लीत शिरलो.

गल्लीच्या टोकाला चिखल होता. नागाबाईच्या दारातला नळ, ज्याला चौदा महिने हवा येत होती, मनगटाएवढ्या जाड धारेनं वाहत होता. पिंप भरलेलं. घागरी, पातेली, परात, पाळण्याशेजारची बादली, सगळं काठोकाठ. आणि नळापासून उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्यापासून नळापर्यंत, ओली पावलं.

लखन खाली बसला. त्यानं पाइपला हात लावला, कान लावला.

"मोटार न्हाई," तो म्हणाला. "नुस्तं येऊन राहिलंय."

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. मग प्रत्येकानं स्वतःच्या घराकडं पाहिलं. सर्व बावीस घरांना कुलूप होतं आणि कुठूनही घरघर येत नव्हती. बॅटरीच्या उजेडात समितीनं जागेची पाहणी केली. तेविसाव्या घराला, मोटारीशिवाय, एवढ्या दाबानं पाणी येण्याचं एकही कारण कुणाला सुचेना. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला. शेवटी अत्यंत जड मनानं समितीनं निष्कर्ष काढला, की सदर पाणी अमानवी शक्तीमुळं आलेलं आहे. ठराव एकमतानं मंजूर. तज्ज्ञ सदस्यानं नळापुढं हात जोडले. तेवढ्यात धार बारीक होत होत थांबली. बाकी बावीस घरांना त्या पाळीला थेंबही मिळाला नाही, त्याचंही कारण आम्ही तेच लिहिलं.

नागाबाई दारात आली. पाय ओले होते, पदर ओला होता.

"हाव सर," ती म्हणाली. "वासंतीच आसंल. लई गुणाची बाई."

शुक्रवारी बारसं थाटात झालं. हदगावच्या पाहुण्यांनी पाय धुतले, पोटभर जेवले, आणि अयोध्याच्या सासूनं निघताना दोनदा हात धुतले. बोलायला काही सापडलं नाही म्हणून ती नातीचा मुका घेऊन गाडीत बसली. मुलीचं नाव वासंती ठेवलं. घुगऱ्या आम्हा बावीस घरांना आल्या. त्या खाऊन तांब्याभर पाणी पिताना मला, का कुणास ठाऊक, ठसका लागला.

सोमवारी नागाबाईनं अर्ज क्रमांक अठरा दिला. त्यात तिनं वाहिनीला विनंती केली होती, की मालिकेचं दुसरं पर्व लवकरात लवकर सुरू करावं, शक्यतो आठ दिवसांआड, गुरुवारी, आठ ते नऊ. मी शिफारशीसह तो पुढं पाठवला आहे.

चौकशी अजून चालू आहे. वाचकांपैकी कुणाला काही सुगावा लागला असल्यास विहित नमुन्यात कळवावा. नागाबाईचा नववा रकाना आता नमुन्यात घेतला आहे. सगळी गोष्ट वाचून चोर कोण हे तुम्ही केव्हाच ओळखलं असणार, आणि ते माझंच नाव असणार, याची मला कल्पना आहे. भाऊसाहेबांच्या वेळी आम्हीही असंच पटकन ओळखलं होतं. तर नाव अवश्य लिहा. नववा रकाना रिकामा सोडला तरी अर्ज बाद होत नाही. आजवर आलेल्या सगळ्या अर्जांत तो रिकामाच आहे.