तिच्या वतीने मी

बायकोच्या बाळंतपणाचं अख्खं नियोजन करणारा माझ्यासारखा नवरा शोधून सापडायचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मी वेळापत्रकं लावतो. एकशे चाळीस लिफ्ट आणि नऊ मेकॅनिक रोज सांभाळणाऱ्या माणसाला एक बायको आणि एक बाळ म्हणजे काय अवघड? चाचणीत दोन रेषा दिसल्या त्याच दुपारी मी फाइल आणली. निळी, जाड, आत सात रंगांचे कप्पे. रक्त, लघवी, वजन, औषधं, आहार, कागदपत्रं आणि इतर.

"अरे, आणि मी कुठल्या कप्प्यात?" बायकोने विचारलं.

तिला नियोजनातलं काही कळत नाही.

या देशात येऊन मला तीन वर्षं झाली, तिला आठ महिने. इथली भाषा तिला दुकानातून दूध आणण्यापुरती येते, असा माझा समज होता. त्यात इथे सगळं ठीकठाक असलं तर गरोदर बाईला डॉक्टर बघतच नाही. शिकलेली, रीतसर परीक्षा दिलेली सुईण बघते. हे मी आईला फोनवर सांगायला नको होतं.

"सुईण? विमानात बसून एवढ्या लांब गेलात ते सुईणीसाठी? अरे, ती तर माझ्या आजीलाही होती!"

"आई, ही पदवीधर आहे."

"मग डॉक्टर का नाही झाली?"

हा प्रश्न मी 'इतर'मध्ये टाकला.

चौथ्या महिन्यातल्या भेटीत बाळाचे ठोके ऐकवणार होते. खरं सांगू? मला त्या ठोक्यांची धास्ती बसली होती. इथे आपलं म्हणावं असं कुणी नाही. काही कमीजास्त झालं तर धावून कोण येणार? ठोके एकदा या कानांनी ऐकले की मी सुटलो, असं मी मनाशी धरून बसलो होतो. ऑफिसातून सुट्टी काढली, तिला पाणी किती वाजता पाजायचं ते लिहून काढलं आणि स्वतः मात्र सकाळी काही न खाताच निघालो. निघताना कळलं, की हिने परस्पर भेटीच्या अर्जात दुभाषी मागितलाय!

"दुभाषी कशाला? मी आहे ना!"

"तू आहेस म्हणूनच," ती म्हणाली आणि बूट घालायला लागली.

सुईणबाईंची खोली लहानशी होती. कागद अंथरलेला पलंग, वजनकाटा, कपाटावर प्लास्टिकचं कमरेचं हाड आणि टेबलाच्या मधोमध बशीएवढा काळा फोन. सुईणबाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी बटण दाबलं आणि फोनमधून चक्क मराठी आलं!

"नमस्कार. मी दुभाषी बोलतेय. खोलीत जे बोललं जाईल, ते सगळं मी दोन्हीकडे सांगणार आहे."

त्यातल्या 'सगळं'कडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

सुईणबाईंनी बायकोकडे बघून विचारलं, "कसं वाटतंय तुम्हाला?"

"छान!" मी इथल्या भाषेत फाडफाड सुरू केलं. "मळमळ गेल्या मंगळवारपासून बंद. वजन दीड किलोने वाढलंय. पाय सुजलेले नाहीत, मी रोज मोजतो."

सुईणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, बाई चाट पडल्या.

"जेवण?"

"मी तक्ता केलाय. चहा बंद केला, कॉफी बंद केली, बाहेरचं खाणं बंद."

"बाहेर फिरायला जाता?"

"एकटीला मी कुठेच सोडत नाही! ऑफिसात असलो तरी ती कुठे आहे ते माझ्या फोनवर दिसतं. दर तासाला बघतो."

"आणि तुमचं ओळखपत्र, पासपोर्ट?" हे त्यांनी तिला जरा हळू आवाजात विचारलं.

"माझ्याकडे, कुलपात!" मी छाती फुगवली. "किल्लीसुद्धा माझ्याच खिशात असते."

सुईणबाईंचं पेन थांबलं. फोनमधून दुभाषी बायकोला शांतपणे सांगत होती, "तुमचे यजमान म्हणताहेत, की ते तुम्हाला एकटीला कुठेच सोडत नाहीत. तुमचा पासपोर्ट त्यांनी कुलपात ठेवलाय आणि किल्ली त्यांच्या खिशात असते." वाक्यं माझीच होती. पण मराठीतून ऐकली आणि मला जरा कसंसंच झालं.

परदेशात राहणाऱ्यांना एक वाईट खोड लागते. चारचौघांत बिनधास्त मराठीत बोलायचं, कुणाला कळतंय! मी बायकोकडे झुकून पुटपुटलो, "बाई भलतीच खडूस दिसते. काही विचारलं तर सगळं उत्तम आहे एवढंच सांग. जास्त बोलू नकोस."

फोनमधून लगेच इथल्या भाषेत खणखणीत आवाज आला. शब्दन् शब्द! 'खडूस'लासुद्धा दुभाषीने नेमका शब्द शोधला होता.

"अहो बाई, ते तुमच्यासाठी नव्हतं!" मी ओरडलो.

तेही सांगितलं गेलं.

"थांबा ना! हे सांगू नका सुईणबाईंना!"

तेही!

बायकोने ओठ दाताखाली दाबून धरले होते. ती हसू आवरत होती, हे मला कळत होतं. पण सुईणबाईंना वाटलं, पोरगी रडू आवरतेय. त्यांनी चष्मा काढला, टिश्यूचा खोका तिच्यापुढे सरकवला आणि मला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा."

"अहो, पण मी नवरा आहे!"

"हो, म्हणूनच."

"आणि ठोके?"

"ते नंतर बघू. तुम्ही आत हवे की नको, ते या ठरवतील."

दार बंद झालं. फाइल आत, मी बाहेर! समोरच्या भिंतीवर एक कागद लावलेला होता. 'तुम्ही घरी सुरक्षित आहात का?' खाली सहा प्रश्न. जोडीदार तुमच्या वतीने उत्तरं देतो का? तुमची कागदपत्रं स्वतःकडे ठेवतो का? तुम्ही कुठे आहात यावर नजर ठेवतो का? काय खायचं ते ठरवतो का? तुम्हाला एकटीला बाहेर जाऊ देत नाही का? हात उगारतो का? शेवटचं सोडून सगळं बरोबर! सहापैकी पाच! शाळेत एवढे मार्क मला कधी पडले नव्हते.

तेवढ्यात आईचा फोन.

"ऐकलेस का रे ठोके?"

"मला बाहेर बसवलंय. तिला एकटीला काही विचारताहेत."

"तिला काय विचारायचं? तू सांग ना सगळं!"

"सांगितलं आई. म्हणून तर बाहेर आहे."

दहा मिनिटं झाली. वीस झाली. आतून आधी काहीच ऐकू येईना, मग अचानक हसणं ऐकू आलं. तीन बायकांचं. एक आवाज फोनमधला होता! बायको आत रडत असती तर मी दार ठोठावलं असतं. हसणाऱ्या बायकोचं काय करायचं? मी त्या बाकावर बसून राहिलो आणि मला पहिल्यांदाच वाटलं, की गेल्या चार महिन्यांत मी तिला 'तुला कसं वाटतंय' असं एकदाही विचारलेलं नाही. वजन मात्र सोळा वेळा विचारलं होतं.

दार उघडलं. सुईणबाई बोलल्या आणि त्यांच्यामागोमाग दुभाषीही बोलली, जणू मलाही आता भाषा कळत नव्हती.

"त्या म्हणताहेत, घरात धोका नाही. फाइल आहे."

"मी आत येऊ?"

"तुमच्या पत्नीच्या अटी आहेत. पासपोर्ट परत. दिवसातून दोन वेळा चहा. फोनवरची नजर बंद. आणि आत आल्यावर बोलायचं नाही."

मी तोंड उघडलं, मिटलं आणि नुसती मान हलवली.

बायको पलंगावर आडवी झाली होती. सुईणबाईंनी तिच्या पोटावर थंड मलम लावलं, छोटंसं यंत्र इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. नुसती खरखर! आणि मग लागले. टकटक टकटक टकटक! एवढ्याशा जिवाची केवढी ती घाई! माझे डोळे भरून आले आणि मी भिंत धरली.

सुईणबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच मायेने विचारलं, "तुम्हाला कसं वाटतंय?"

मी बोलणार, तेवढ्यात बायको पलंगावरून बोलली. इथल्या भाषेत! अस्खलित! "त्याला खुर्ची द्या आणि पाणी. सकाळपासून उपाशी आहे. घाबरट आहे हो, पण वाईट नाही."

म्हणजे दुभाषी तिने स्वतःसाठी मागितलाच नव्हता! फोनमधून दुभाषीने माझ्यासाठी तेच सगळं मराठीत सांगितलं, 'घाबरट'सकट.

त्या दिवशी सुईणबाईंनी रक्तदाब दोघांचाही घेतला. तिचा अगदी उत्तम होता. माझा किती होता ते मला विचारू नका. विचारायचंच असेल तर तिला विचारा, फाइल आता तिच्याकडे असते.